पिठल्याच्या रंगाची गाडी

लेकीकडे इंग्लंडात येऊन दोन महिने झाले. इथला उन्हाळा म्हणजे आपल्याकडची डिसेंबरातली सकाळ, त्यामुळे स्वेटर घालूनच बसते. सकाळच्या चहाला आणि रात्रीच्या जेवणाला घरात सध्या एकच चर्चा चालू आहे, जावईबापूंच्या जुन्या गाडीला रंग कुठला द्यायचा? लेकीच्या लग्नातल्या शालूलाही एवढी डोकेफोड झाली नव्हती. तो लक्ष्मी रोडवर एका दुपारी ठरला होता, आणि वर भेळ खाऊन आम्ही संध्याकाळच्या एसटीने परत आलो होतो.

मला गाड्यांतलं काही कळत नाही. चालवताही येत नाही. पण छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आणि हा प्रश्न गाडीचा कमी आणि इतिहासाचा जास्त, असं माझं मत होत चाललंय. घरात ते कोणी पूर्ण ऐकून घेत नाही. मी सुरुवात केली की लेक म्हणते, "आई, तास संपला." म्हणून इथे लिहिते. इथे तुम्हाला घंटा वाजवता येत नाही.

तर गाडी म्हणजे एमजीबी. दोन माणसांची, बुटकी, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. बसताना आधी पाय आत टाकायचे की डोकं, हे मला अजून जमलेलं नाही. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळ ऑक्सफर्डचं. आपल्याकडे २०१९ पासून ज्या नावाने हेक्टर विकायला लागले, तेच हे नाव. मालक मात्र मधल्या काळात बरेच बदलले. ही एमजीबी १९६२ साली आली आणि ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या कारखान्यात १९८० पर्यंत बनत राहिली. बंद टपाच्या धरून पाच लाखांवर गाड्या निघाल्या, त्यातल्या पुष्कळशा अमेरिकेला गेल्या. म्हणजे ही काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. शाळामास्तरांनी, बँकेतल्या लोकांनी हौसेनं घ्यावी अशी.

आणि आमची ही गाडी खरोखरच एका मास्तरांची होती. शेजारच्या घरातले आजोबा शाळेत लाकूडकाम शिकवायचे. गाडी १९७३ ची, त्यांनी ती १९७९ साली जुनी म्हणून घेतली. १९८५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी ती स्वतःच्या गॅरेजात, स्वतःच्या हाताने, लालभडक रंगवली. पुढे गुडघे दुखायला लागल्यावर ती ताडपत्रीखाली गेली आणि तिथेच राहिली. तीन वर्षांपूर्वी आजोबा गेले. त्यांच्या बाईंनी, त्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत, गेल्या वर्षी ती आमच्या जावयांना दिली. पैसे घेतले, पण नावापुरते. "तो नसताना ती तिथे नुसती उभी असते, मला आवडत नाही," एवढंच म्हणाल्या.

जावई इंजिनियर, मूळचे नाशिकचे. दर शनिवार-रविवार ते गाडीखाली असतात. तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या गंजून पापडासारख्या झाल्या होत्या. त्या कापून नव्या बसवल्या. या गाडीचं एक बरं आहे, सगळं मिळतं. १९८८ पासून तर जुन्याच साच्यांवर ठोकलेला अख्खा नवा सांगाडासुद्धा विकत मिळू लागला. जोडकाम झालं, लांबी भरून झाली, पॉलिश पेपर मारून झाला. आता रंगाशी येऊन गाडी अडलीये.

पहिल्या दिवशी मला बॉनेट उघडून दाखवलं, तेव्हा मी चकित झाले. गाडी बाहेरून लाल आणि आतून पिवळी! इंजिनाच्या आजूबाजूचा सगळा पत्रा, दारांच्या फटी, डॅशबोर्डच्या मागचा भाग, सगळं पिवळं. लिंबाचा पिवळा नव्हे. गडद, तांबूस झाक असलेला. लेक म्हणाली, "पिठल्याचा." आजोबांनी इंजिन न काढताच रंगवली होती, त्यामुळे जिथे हात पोचला नाही तिथे मूळचा रंग राहून गेला.

मग कागद आले. इथे गेडन नावाच्या गावात ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. तिथे जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्या जपून ठेवल्यात. पैसे भरून अर्ज केला की तुमच्या गाडीचा जन्मदाखला मिळतो. कधी बनली, कुठे पाठवली, आतलं कातडं कुठल्या रंगाचं, बाहेरचा पत्रा कुठल्या रंगाचा. आमच्या गाडीच्या दाखल्यावर रंग होता 'हार्वेस्ट गोल्ड'. सुगीचं सोनं! कारखान्यातल्या कोणा रसिकाने हे नाव ठेवलं कोण जाणे. सरकारी नोंदणीच्या कागदावर मात्र रंग 'लाल' आहे, कारण इथे रंग बदलला की तो सरकारला कळवावा लागतो आणि आजोबांनी तो इमानदारीने कळवला होता. एकाच गाडीचे दोन अस्सल कागद, दोन रंग. नववीच्या वर्गाला 'साधनांचा परस्परविरोध' समजावताना मला असं उदाहरण मिळालं असतं तर!

आता पक्ष सांगते. जावयांना हवा आहे हिरवा, ज्याला इथे ब्रिटिश रेसिंग ग्रीन म्हणतात. नातीला फिकट आकाशी. जावयांच्या ओळखीचे जुन्या गाड्यांवाले एक गृहस्थ येतात, त्यांचं म्हणणं, "लाल आहे, लालच ठेवा. उद्या विकायची झाली तर लाल पटकन जाते." लेकीचं म्हणणं, कुठलाही द्या पण गॅरेज रिकामं करा. आणि मी पिठल्याची.

हिरव्याबद्दल आधी बोलते, कारण त्याची गोष्ट चांगली आहे. मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा प्रत्येक देशाचा रंग वेगळा असे. फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा, बेल्जियमचा पिवळा. इटलीचा लाल पुढे पक्का झाला. १९०२ ची गॉर्डन बेनेट शर्यत इंग्लंडच्या नेपियर गाडीने जिंकली, म्हणून पुढच्या वर्षीची भरवायचा मान इंग्लंडला मिळाला. पण इंग्लंडात सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीला कायद्याने बंदी! मग १९०३ ची शर्यत आयर्लंडमध्ये नेली आणि इंग्लंडच्या गाड्या हिरव्या रंगल्या. आयर्लंडच्या मानासाठी, असं म्हणतात. शर्यत कोणी जिंकली? येनात्झी नावाच्या बेल्जियन माणसाने, जर्मनीच्या पांढऱ्या मर्सिडीजमधून. म्हणजे आज इंग्रज ज्या हिरव्याला आपला समजून छाती फुगवतात, त्याची ख्याती सुरू झाली पाहुण्या देशात, तीही हरून. शिवाय तो एकच हिरवा कधीच नव्हता. कोणाचा पानासारखा, कोणाचा पार काळपट. १९६८ मध्ये लोटसच्या गाड्या सिगारेटच्या पाकिटाच्या रंगात धावायला लागल्या आणि देशांच्या रंगांचं ते प्रकरण हळूहळू आटोपलं.

(जर्मनांच्या पांढऱ्याचं पुढे काय झालं तेही सांगते, राहवत नाही. १९३४ मध्ये मर्सिडीजच्या गाड्या चंदेरी झाल्या. वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा किलोभर जास्त भरलं म्हणून रात्रीतून पांढरा रंग खरवडून काढला, अशी गोष्ट त्यांच्या व्यवस्थापकाने सांगून ठेवलीये. अभ्यासकांना ती पटत नाही. पण गोष्ट इतकी छान आहे की ती मरणार नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांतही अशा दोन-तीन होत्या.)

तर जावयांना हिरवा का हवा? विचारलं तर म्हणाले, "आई, स्पोर्ट्स कार म्हटली की डोळ्यांसमोर तीच येते." मी म्हटलं, डोळ्यांसमोर येते कारण सगळ्यांनी तीच रंगवून ठेवलीये. या गाडीला तो हिरवा कारखान्यातही मिळत असे, नाही असं नाही. पण *ही* गाडी हिरवी कधीच नव्हती. ना कारखान्यात, ना आजोबांच्या घरी.

लालची बाजू व्यवहाराची आहे आणि व्यवहाराला मी नावं ठेवणार नाही. आयुष्यभर पगारपत्रकावर सही केलेली बाई आहे मी. पण इथल्या हौशी लोकांतच या प्रकाराला चेष्टेने 'रिसेल रेड' म्हणतात. विकायचा लाल. जी गाडी विकायचीच नाही असं जावई रोज सांगतात, तिला विकायचा रंग कशाला?

आता माझं मत. मागच्या रविवारी आम्ही एका गावच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळा बघायला गेलो होतो. हिरवळीवर एमजीबींची लांब रांग. मी काठी टेकत टोकापासून टोकापर्यंत चालले. लाल, हिरवी, लाल, पांढरी, लाल, हिरवी... आपल्या पिठल्याच्या रंगाची फक्त एक. तिच्याभोवती माणसं मात्र जास्त होती, आणि बहुतेक माझ्या वयाची. एक आजोबा आपल्या बाईंना सांगत होते की तुझ्या भावाकडे अशीच होती ना, म्हणून.

१९७० च्या दशकात या गाड्यांचे कारखान्याचे रंग काय काय होते ते जावयांनी मला दाखवलं. ब्लॅक ट्युलिप, म्हणजे काळपट वांग्यासारखा. ॲकोनाइट, तोही जांभळा. ब्लेझ, भगवा-नारिंगी. लाइमफ्लॉवर, कैरीच्या गरासारखा. ब्रॅकन, वाळलेल्या पानांचा तांबूस. काय दशक होतं ते! आपल्याकडेही तेव्हा बेलबॉटम आणि मोठमोठ्या फुलांचे शर्ट होतेच. माझ्याकडे स्वतः एक नारिंगी नायलॉनची साडी होती, जिचा फोटो लेक अजून लोकांना दाखवते. पुढे या रंगांचं हसू व्हायला लागलं, आणि जी गाडी दुरुस्तीला गेली ती लाल किंवा हिरवी होऊन परत आली. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाचा निर्णय घेतला. त्या सगळ्या शहाणपणाची बेरीज अशी झाली की एक अख्खं दशक रांगेतून पुसलं गेलं. अजून पन्नास वर्षांनी कोणी या गाड्या बघून म्हणेल, १९७३ साली इंग्रज लोक लाल आणि हिरव्याच गाड्या चालवायचे.

हे फार मोठं बोलतेय असं वाटेल. पण ग्रीक पुतळ्यांचं असंच झालं. ते मुळात रंगवलेले होते. डोळे, केस, वस्त्रं, सगळं. शतकांच्या ओघात रंग गेले, खाली पांढरा संगमरवर उरला. मग युरोपातल्या शिल्पकारांनी तो पांढराच खरा मानून शेकडो वर्षं पांढरे पुतळे घडवले. सुंदर घडवले, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुलांना वाटतं ग्रीक लोक पांढऱ्याशुभ्र देवांची पूजा करत होते. रंग गेला की पुरावा जातो, आणि गेलाय हे कळतसुद्धा नाही.

ही बुद्धी मला पुस्तकातून आलेली नाही. सांगते.

आमच्याकडे चेतक होती. ह्यांनी १९७४ साली नंबर लावला होता आणि स्कूटर हातात आली १९८१ ला. तरुण मंडळींना हे खोटं वाटतं, पण तेव्हा स्कूटरसाठी इतकी वर्षं थांबायचे लोक. थोरल्याला बाळंतपणाहून घरी आणलं ते तिच्यावरून नाही, कारण तोपर्यंत ती आलीच नव्हती. धाकट्या लेकीला आणलं ते मात्र तिच्यावरून. २०१८ मध्ये हे गेले. वर्षभराने मला वाटलं, स्कूटर अशी गंजत ठेवू नये. गावातल्या गॅरेजात दिली. गॅरेजवाला माझाच विद्यार्थी. त्याने जीव लावून काम केलं, खोटं का बोलू? एक दिवस फोन आला, "बाई, कलर कुठला देऊ?" मी भाजी निवडत होते. म्हटलं, "तुला चांगला दिसेल तो दे रे." त्याने झकास मरून दिला, वरून चकाकी. स्कूटर दारात आली, शेजारीपाजारी बघायला आले, सगळ्यांनी कौतुक केलं. मी कुंकू लावलं, नारळ फोडला. रात्री दार लावताना अंगणात बघितलं, तर तिथे कोणाची तरी स्कूटर उभी होती.

मूळ रंग कुठला होता? निळसर हिरवा. की हिरवट निळा? आम्ही घरात 'पिस्ता' म्हणायचो, पण तो पिस्त्यासारखा नव्हता हेही आठवतं. फोटो आहेत ते सगळे काळे-पांढरे. थोरला म्हणतो राखाडी होती. लेक म्हणते हिरवी. विद्यार्थ्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, पूर्ण घासून काढला ना, म्हणजे नवा नीट बसतो." त्याची काही चूक नाही. विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही. निर्णयाला अर्धं मिनिट लागलं होतं, तेही मेथी निवडताना.

म्हणून जावयांच्या मागे लागलेय. त्यांच्याकडे दाखला आहे, बॉनेटच्या आत नमुना आहे. मला जे मिळालं नाही ते सगळं त्यांच्या हातात आहे.

आता जावयांची बाजूही सांगायला हवी, कारण ते माझं बोलणं निमूट ऐकून घेणाऱ्यांतले नाहीत. एका रात्री म्हणाले, "आई, मूळ रंग म्हणजे खरा रंग, हे ठरवलं कोणी? कारखान्याचा पिवळा बारा वर्षं होता. आजोबांचा लाल त्याच्या तिप्पट राहिला. इतिहास म्हणता तर तोही इतिहासच ना? मग त्यांचा लाल पुसायचा हक्क मला कुठून आला?"

मी गप्प झाले. पानावरून उठले, भांडी विसळली, तरी उत्तर सुचेना. वणीच्या सप्तशृंगीचं आठवलं. २०२२ मध्ये देवीच्या मूर्तीवरचा कित्येक पिढ्यांचा शेंदराचा लेप काढला, तेव्हा खालचं जुनं रूप दिसलं. पण माझ्या आईने, आजीने ज्या रूपाला हात जोडले ते लेपाचं होतं. त्यांना दिसलं ते खोटं, असं मी कशी म्हणू? जावई नाशिकचे असल्यामुळे त्यांनाही तेच आठवत असणार, पण आम्ही दोघेही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी डिकीचं झाकण बघताना मला माझं उत्तर मिळालं. आजोबांनी रंगकामाची सुरुवात बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूने केली असावी, हात बसवण्यासाठी. तिथे लाल रंगाचे तीन ओघळ आहेत, मेणबत्तीच्या मेणासारखे. एका कोपऱ्यात ब्रशचा केस चिकटून वाळलाय. मास्तरांचं अक्षरच ते! आता समजा जावयांनी गाडी लाल केली. रंगकामवाला यंत्राने लाल मारणार, आरशासारखा. त्यात ना ओघळ, ना केस. तो आजोबांचा लाल असेल का? नुसता लाल असेल. कारखान्याचा रंग मात्र कोणाच्या हाताचा नव्हताच मुळी. ते एक सूत्र होतं, अमुक इतका हा रंग, तमुक इतका तो. छापील पुस्तक पुन्हा छापता येतं. हाताने लिहिलेलं पत्र पुन्हा लिहिता येत नाही, ते आहे तसं ठेवावं लागतं.

म्हणून माझी सूचना अशी, की गाडी पिठल्याच्या रंगाची करा आणि डिकीच्या झाकणाच्या आतला, ओघळ असलेला तळहाताएवढा तुकडा तसाच सोडा. त्याच्या कडेला बारीक पेपरने हळूच घासलं की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. वर लाल, मग करडा प्रायमर, मग पिवळा, मग कारखान्याचा प्रायमर, मग पत्रा. तेही दिसू द्या. जुन्या इमारतींची डागडुजी करणारे जाणते लोक भिंतीचा एक तुकडा असा राखून ठेवतात. जावयांनी इंजिनियरी शंका काढली, की त्या तुकड्याखाली गंज असला तर? मग स्वतःच म्हणाले, झाकण आतून सुकं आहे, वरून पारदर्शक लॅकर मारता येईल.

हिरव्याचा सोस कमी होण्यात माझ्या व्याख्यानापेक्षा खर्चाचा वाटा जास्त आहे, हेही प्रामाणिकपणे सांगते. पिवळ्याची हिरवी करायची तर इंजिन बाहेर काढून आतला सगळा पत्रा, दारांच्या फटी, डॅशबोर्डची मागची बाजू, सगळं रंगवावं लागतं. नाहीतर दार उघडलं की पितळ उघडं. हल्लीचा टिकाऊ रंग घरच्या गॅरेजात मारताही येत नाही. त्यात कडक होण्यासाठी जे रसायन असतं ते श्वासातून गेलं तर दमा जडतो, रंगवणाऱ्याला बाहेरची हवा पुरवणारा मुखवटा लागतो. म्हणजे काम बाहेर द्यायचं आणि बिल ऐकून खुर्ची धरायची. आजोबांच्या वेळी घरोघरी सेल्युलोज रंग मारायचे. तो आपल्या ओळखीचा आहे. आपण कपाटाला 'ड्युको' मारतो म्हणतो ना, ते मूळ नाव १९२० च्या दशकात ड्यू पाँट कंपनीने काढलेल्या या जातीच्या रंगाचं. त्याआधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागायचे, यामुळे तासांवर आलं. असो. विषयाला फाटे फुटतात, हा धंद्याचा दोष.

गेल्या आठवड्यात रंगाच्या दुकानातून नमुन्याचे पत्रे करून आणले. डॅशबोर्डमागचा, ऊन न लागलेला भाग यंत्राने मोजून एक केला, आणि जुन्या सूत्रावरून दुसरा. दोन्ही 'हार्वेस्ट गोल्ड'च, पण एकसारखे नाहीत. गॅरेजातल्या ट्यूबलाइटखाली पहिला जुळला. मी म्हटलं, बाहेर आणा. साडी घेताना आपण दुकानाच्या पायरीवर येऊन उजेडात बघतो की नाही? उन्हात आणल्यावर पहिला हिरवट दिसायला लागला आणि दुसरा चपखल बसला. जावई माझ्याकडे बघून म्हणाले, "आई, हे तुम्हाला कसं कळलं?" लक्ष्मी रोडची विद्या, दुसरं काय.

अजून त्यांनी 'हो' म्हटलेलं नाही. हिरव्याचा नमुनाही कुंपणाला टांगलेला आहे, शेजारी नातीचा आकाशी. रंगकामवाल्याकडे सप्टेंबरची तारीख मिळालीये. पण इंजिन बाहेर काढायची गोष्ट चार दिवसांत कोणी बोललेलं नाही, त्यावरून काय समजायचं ते मी समजलेय.

काल संध्याकाळी शेजारच्या बाई आमच्याकडे चहाला आल्या होत्या. कुंपणावरचे पत्रे बघून थांबल्या. जावई जरा अवघडले. त्यांना वाटत होतं, लाल नाही म्हटल्यावर बाईंना वाईट वाटेल. लेकीने मधे पडून सगळं समजावलं. दाखला, पिवळा रंग, झाकणातला लाल तुकडा राखायचा, ओघळांसकट. बाईंनी पिवळ्या पत्र्यावरून बोट फिरवलं. मग झाकण उघडायला सांगून ते तीन ओघळ बघितले, बराच वेळ. म्हणाल्या, "हे करताना त्याने माझे चांगले पडदे खराब केले होते."

मग चहा घेताना त्यांनी जावयांना एकच प्रश्न विचारला, की या वेळी तरी हीटर चालेल का, कारण चाळीस वर्षं त्या गाडीत त्यांचे पाय गारठायचे.